रंगाच्या बाटलीची दोन आयुष्यं

माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांना खुर्चीमागचं काचेचं कपाट ओळखीचं आहे. गेल्या तीसेक वर्षांत मी जोडलेली आणि रंगवलेली प्लास्टिकची मॉडेल्स त्यात आहेत: बरीचशी विमानं, दोन रणगाडे आणि एक वाफेचं इंजिन. लहान मुलं त्या कपाटापाशी इंजेक्शनचं रडणं विसरतात, हा त्याचा वैद्यकीय उपयोग. पण त्या कपाटामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "डॉक्टर, मुलाने मॉडेलचे रंग आणले होते, दोन वर्षं तसेच पडलेत. आता वापरले तर चालतील का?" खोकल्याच्या उरलेल्या औषधाबद्दल विचारावं, अगदी तसाच सूर असतो.

हल्ली हा प्रश्न जास्त येतो. कुणाचा मुलगा जपानी रोबोंची किट्स जोडतो, कुणाची मुलगी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे स्वतः रंगवते, कुणी निवृत्तीनंतर आगगाडीचे डबे रंगवायला घेतलेत. घरात बसून, मन लावून करण्यासारखा हा छंद आहे. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या माझ्या कितीतरी रुग्णांना मी स्वतः सुचवलेला. म्हणूनच रंग ठेवायचे कसे, हेही मीच सांगायला हवं.

उत्तर आधी थोडक्यात देतो. रंगाच्या प्रत्येक बाटलीला दोन आयुष्यं असतात. पहिलं उपयोगाचं: रंग नीट लागतो, नीट वाळतो, तोवरचं. दुसरं धोक्याचं: आतला द्रव कुणाच्या पोटात, फुप्फुसात किंवा डोळ्यात गेला तर इजा करू शकतो, तोवरचं. पहिलं संपलं की आपण बाटलीकडे बघेनासे होतो. दुसरं मात्र तेव्हाही चालूच असतं, आणि बहुधा पहिल्यापेक्षा खूप लांब असतं.

तारीख शोधू नका, झाकण बघा

औषधावर एक्स्पायरी छापावीच लागते. मॉडेलच्या रंगांवर बहुधा अशी तारीख नसते. फार तर बॅच नंबर असतो. मग ठरवायचं कशावरून?

औषधाची एक्स्पायरी म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. बाटली बंद असेल आणि सांगितल्याप्रमाणे ठेवली असेल, तर त्या तारखेपर्यंत औषध पुरेसं गुणकारी राहील, ही कंपनीची हमी. बाटली उघडली की हिशोब बदलतो. डोळ्यांचे बहुतेक ड्रॉप्स उघडल्यानंतर साधारण २८ दिवसांत टाकून द्यायचे असतात, मग छापलेली तारीख पुढच्या वर्षीची का असेना. क्रीमच्या डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि शेजारी '१२ एम' असं दिसतं. त्याचा अर्थ उघडल्यापासून १२ महिने.

रंगाचंही तसंच आहे. न उघडलेली बाटली कित्येक वर्षं टिकते. उघडलेली बाटली किती टिकेल, हे दर वेळी तुम्ही झाकण कसं लावता त्यावर ठरतं. माझ्याकडे १९९४ मध्ये घेतलेली इनॅमल रंगाची १४ मिलीची पत्र्याची डबी आहे, आणि तिच्यातला रंग आजही व्यवस्थित लागतो. त्याच कपाटात गेल्या दिवाळीला घेतलेला एक अ‍ॅक्रिलिक रंग रबरासारखा घट्ट होऊन बसलाय. वय बघून रंगाचा निकाल लागत नाही, तो असा.

रंग वाळतो कसा, त्यावर तो टिकतो कसा

मॉडेलचे रंग मुख्यतः तीन जातींचे. तिघांची वाळण्याची रीत वेगळी, म्हणून सांभाळण्याची रीतही वेगळी.

पहिली जात अ‍ॅक्रिलिक. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे हॉबी रंग आणि मॉडेलसाठी ड्रॉपर बाटलीतून येणारे बरेच रंग या जातीचे. यात पाण्यामध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. एकदा चिकटले की पुन्हा पाण्यात सुटे होत नाहीत. दह्याचं पुन्हा दूध होत नाही, तसंच. म्हणून घट्टसर झालेल्या रंगात वेळीच थोडं पाणी घातलं तर तो सुधारतो. गाठी झाल्या, रबर झालं, की संपला. या रंगांना गोठणंही सोसत नाही. फ्रीझरमध्ये ठेवले तर कण एकत्र गोळा होतात आणि रंग फाटतो. पाण्याऐवजी अल्कोहोलच्या जातीचा द्रव असलेले अ‍ॅक्रिलिकही मिळतात. ते लवकर वाळतात आणि त्यांना पेट्या दिव्यापासून दूर ठेवावं लागतं.

दुसरी जात इनॅमल, म्हणजे तेलाच्या कुळातला रंग. हम्ब्रॉलच्या छोट्या डब्या जुन्या छांदिष्टांना आठवत असतील. यातलं थिनर आधी उडतं, मग रंगातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून कडक होतं. म्हणजे या रंगाचा शत्रू डबीतली हवा. डबी अर्धी झाली की आत हवा जास्त, म्हणून साय लवकर धरते. अशी साय ढवळून आत मिसळायची नसते. कडेने सोडवून अख्खी उचलायची आणि खालचा रंग आइस्क्रीमच्या काडीने तळापासून हलवायचा.

तिसरी जात लॅकर. यात राळ तीव्र द्रावकात विरघळलेली असते. द्रावक उडालं की रंग वाळला, आणि तेच द्रावक पुन्हा घातलं की वाळलेला रंगही विरघळतो. टिकण्याच्या बाबतीत तिघांत हा सर्वांत चिवट. पण त्याचा वास आणि पेट घेण्याची तयारीही सर्वांत जास्त. दोन्ही गोष्टी द्रावकामुळेच.

माझ्या कपाटाचे नियम

हे नियम मी अनुभवातून पक्के केले आहेत. तुमच्याही उपयोगी पडतील.

झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड पुसा. रंग फुकट जाण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. आट्यांमध्ये वाळलेला रंग साचला की झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण फटीतून हवा जात-येत राहते. अ‍ॅक्रिलिकला ओला कपडा पुरतो, इनॅमलला थिनरचा बोळा लागतो.

बाटलीत ब्रश बुडवू नका. लागेल तेवढा रंग पॅलेटवर काढा आणि लगेच झाकण लावा. पॅलेटवर पातळ केलेला रंग बाटलीत परत ओतू नका.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सगळ्या बाटल्या हलवा. रंगाचे कण जड असतात, ते तळाशी बसतात, आणि फार काळ बसले की दगडासारखे होतात. बाटलीत काचेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा मणी टाकला तर हलवणं सोपं जातं. साधा लोखंडी छर्रा टाकू नका, पाण्याच्या रंगात तो गंजतो.

जागा थंड, कोरडी, अंधारी आणि सहसा एकाच तापमानाची असावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पत्र्याच्या डब्यांच्या कडा गंजतात. त्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. त्याच दमट हवेत लॅकर फवारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. तो रंग खराब नसतो, दिवस चुकीचा असतो. विदर्भात प्रश्न उलटा. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. मिनरल टर्पेंटाईनची वाफ साधारण ४० अंशांच्या आसपास ठिणगीने पेटू शकते. लॅकर थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनला तर ४ अंशही पुरतात. स्प्रेच्या डब्यावर '५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये' असं लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या गाडीत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून रंग माळ्यावर नकोत, गॅसच्या शेगडीजवळ नकोत, इन्व्हर्टरच्या शेजारी नकोत, आणि निरांजन लागतं त्या देवघराच्या खालच्या कप्प्यात तर नकोतच.

शेवटचा नियम: मार्कर पेनने प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. तुमच्या औषधांच्या बाटल्यांवर मी लिहायला सांगतो, तसंच.

जुना रंग चालेल का, हे ठरवायचं असेल तर प्लास्टिकच्या चमच्यावर एक पट्टा ओढा. अ‍ॅक्रिलिक असेल तर रात्रभर, इनॅमल असेल तर दोन-तीन दिवस वाळू द्या आणि नखाने खरवडा. एकसारखा बसला, चिकट राहिला नाही, सोलून आला नाही, तर रंग जिवंत आहे.

नासलेला रंग

पाण्याचे रंग नासतात, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण जिथे पाणी आणि सेंद्रिय पदार्थ, तिथे जंतू आणि बुरशी आलीच. ती होऊ नये म्हणून रंगात जंतुरोधक घातलेले असतात. आपण नळाचं पाणी घालून रंग वाढवतो तेव्हा एकीकडे जंतू आत सोडतो आणि दुसरीकडे जंतुरोधक पातळ करतो. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि घालायचं ते पॅलेटवर घाला. बाटली उघडल्यावर आंबूस किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, किंवा वर बुरशीचे ठिपके दिसले, तर रंग टाकून द्या. खात्री करायला बाटली नाकाशी नेऊन हुंगू नका. वास हातभर अंतरावरूनही कळतो.

या जंतुरोधकांचं एक डॉक्टरी पुराण आहे. त्यांतल्या मिथिलआयसोथायझोलिनोन नावाच्या रसायनाची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. त्वचेच्या अ‍ॅलर्जीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जन' ठरवलं होतं. बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला खाज, लाली, भेगा येत असतील आणि भांड्याचा साबण बदलूनही फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना रंगांच्या छंदाबद्दल आवर्जून सांगा. आम्ही ते विचारायला विसरतो. नायट्राइल ग्लोव्ह्ज घालणं हा सोपा उपाय.

रंग विझला, विष उरलं

आता दुसऱ्या आयुष्याकडे वळू. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि योगायोगाने तेही बारीक ब्रशने रंगवण्याच्या कामातलं.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून एका कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग लावत. त्यात रेडियम होतं. आकडे बारीक असत, म्हणून ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायला त्यांना शिकवलं होतं. रंग निरुपद्रवी आहे, असंही सांगितलं होतं. शरीराला रेडियम कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते थेट हाडांत जाऊन बसतं. काही वर्षांत त्यांचे दात पडू लागले, जबड्याची हाडं सडू लागली. थिओडोर ब्लूम या दंतशल्यचिकित्सकाने १९२४ मध्ये या विकाराला 'रेडियम जॉ' म्हटलं. पाच जणींनी दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. पुढे जगभरच्या कामगारसुरक्षेच्या विचाराला या मुलींनी वळण दिलं.

आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट पुढे आहे. त्या रंगाची चमक काही वर्षांतच मंद होते, कारण रेडियमच्या किरणांनी उजळणारं झिंक सल्फाइड हळूहळू निकामी होतं. ती जुनी घड्याळं आज अंधारात दिसतही नाहीत. पण आतलं रेडियम अर्धं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. रंगाचं पहिलं आयुष्य एका माणसाच्या उमेदीतच संपलं. दुसरं अजून नीट सुरूही झालेलं नाही.

तुमच्या घरातल्या रंगात रेडियम नाही, काळजी नसावी. पण ओठांनी ब्रश टोकदार करण्याची सवय छांदिष्टांत आजही आहे. ती सोडा. पेल्यातल्या पाण्यात बुडवून टिश्यूवर फिरवलं तरी तेच टोक येतं. आणि आजोबांच्या पेटीत जुन्या इनॅमलच्या डब्या सापडल्या तर थोडं थांबा. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल आणि पांढऱ्या रंगांत शिशाची संयुगं असू शकतात. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरली, ती २०१६ च्या नियमांनी, आणि अंमल सुरू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. शिसं जुनं झालं म्हणून उडून जात नाही. त्या डब्या आठवण म्हणून बंद ठेवा, वापरू नका. त्या काळी रंगवलेली मॉडेल्स, खेळणी सॅंडपेपरने घासू नका. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

पाण्याच्या बाटलीतलं पाणी नसलेलं

ज्या कारणासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते आता सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मॉडेल्स रंगवायचा. ब्रश धुऊन गढूळ झालेलं थिनर तो टाकून देत नसे. ते स्थिर ठेवलं की रंग तळाशी बसतो, वरचं नितळ थिनर ब्रश धुवायला पुन्हा चालतं. युक्ती चांगली आहे, मीही करतो. पण ते नितळलेलं थिनर त्याने लिटरच्या पाण्याच्या बाटलीत भरून टेबलाखाली ठेवलं. त्याची अडीच वर्षांची भाची सुट्टीला आली होती. तिला तहान लागली, बाटली दिसली.

एकच घोट. लगेच ठसका लागला. आजी धावल्या. तोंडाला रॉकेलसारखा वास येतोय म्हटल्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं केलं: मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. दवाखान्यात आली तेव्हा पोरीचा श्वास जलद चालला होता, नाकपुड्या फुलत होत्या, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत होता.

थिनर, रॉकेल, टर्पेंटाईन यांचा खरा धोका पोटात नसतो. हे द्रव फार पातळ असतात आणि चटकन पसरतात. गिळताना ठसका लागला की थेंबभर श्वासनलिकेत जातो आणि फुप्फुसात पसरतो, तिथला अस्तराचा थर खराब करतो, सूज येते. त्याला आम्ही केमिकल न्यूमोनिया म्हणतो. उलटी करवली की तोच द्रव दुसऱ्यांदा घशाशी येतो, म्हणजे फुप्फुसात जाण्याची आणखी एक संधी. म्हणून रॉकेल-थिनर प्यालेल्याला उलटी करवायची नाही.

आम्ही ऑक्सिजन लावून तिला मुलांच्या अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवलं. पाच दिवसांनी ती घरी आली, आज ठणठणीत आहे. आजी मात्र पुढे कितीतरी दिवस मला विचारत राहिल्या, "डॉक्टर, मी मीठ-पाणी दिलं म्हणून वाढलं का हो?" मी त्यांना म्हटलं, "आजी, तुम्ही जीव वाचवायलाच धावलात. तुम्हाला वेगळं कुणी सांगितलंच नव्हतं, तो दोष तुमचा नाही." तो सांगण्याचं काम आमचं आहे. ते मी आज करतोय.

असं झालं तर हे करा:

उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तूप, लिंबू काहीही पाजू नका. तोंड आणि हात पुसा, भिजलेले कपडे काढा, कारण द्रव त्वचेलाही पोळतो. मुलाला बसतं किंवा कुशीवर ठेवा. बाटली बरोबर घ्या; आत काय होतं हे आम्हाला त्यावरूनच कळतं. १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा. मूल हसतंखेळतं दिसत असलं तरी न्या. फुप्फुसाची लक्षणं काही तासांनी दिसू शकतात आणि सुरुवातीचा एक्स-रे चांगलाही येऊ शकतो, म्हणून अशा मुलाला निदान सहा तास नजरेखाली ठेवतात.

आणि हे घडू नये म्हणून एकच नियम: जे प्यायचं नाही, ते पिण्याच्या बाटलीत भरायचं नाही. एक तासासाठीही नाही, चिठ्ठी चिकटवूनही नाही. अडीच वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. त्याला बाटलीचा आकार वाचता येतो. थिनर त्याच्या मूळ डब्यात ठेवा. नितळायचं असेल तर रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, पत्र्याचं झाकण लावून, कुलपात. इनॅमलची अर्धी डबी छोट्या बाटलीत काढून आतली हवा कमी करणं हा रंग टिकवण्याचा शहाणा उपाय आहे, पण त्यासाठी औषधाच्या रिकाम्या बाटल्या वापरू नका. त्यासाठी नव्या कोऱ्या काचेच्या बाटल्या मिळतात.

फ्रिजमधला शेजार

मॉडेल जोडायला सुपरग्लू लागतो. हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो आणि थंडीत जास्त टिकतो, म्हणून बरेच जण तो फ्रिजच्या दारात ठेवतात. काचबिंदूचे काही ड्रॉप्सही तिथेच असतात. दोन्ही बाटल्या बोटभर, दोन्हींना निमुळतं नाक. मॉडेलच्या रंगांच्या ड्रॉपर बाटल्याही त्याच घडणीच्या. ड्रॉप्स समजून डोळ्यात ग्लू घातल्याच्या घटना नेत्रवैद्यकाच्या साहित्यात अनेकदा नोंदल्या आहेत. काचबिंदूच्या रुग्णाला आधीच कमी दिसत असतं, हे विसरू नका.

ग्लू फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर झाकणाच्या डब्यात, मोठ्या अक्षरांत नाव लिहून, औषधांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा. तरी डोळ्यात गेलाच तर पापण्या ओढून उघडू नका आणि अ‍ॅसिटोन लावू नका. कोमट पाण्याने धुवत राहा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.

मास्कलाही आयुष्य असतं

एअरब्रशने किंवा स्प्रेने रंगवणाऱ्यांसाठी थोडंसं. बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं ते ब्रशने, कागदावर, नेहमीच्या वापरासाठी. तोच रंग धुक्यासारखा फवारला की फुप्फुसात जातो. पाण्याच्या रंगाला एन-९५ मास्क आणि उघडी खिडकी हवी. लॅकर, इनॅमलच्या वाफांना सर्जिकल मास्कही अडवत नाही आणि एन-९५ ही नाही. त्याला कोळशाच्या काडतुसांचा रेस्पिरेटर लागतो. ती काडतुसं पाकिटातून काढली की टेबलावर पडल्या पडल्यासुद्धा हवेतल्या वाफा शोषत राहतात आणि संपतात. काम झालं की झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी द्रावकाचे रंग शक्यतो टाळावेत, पाण्याचे वापरावेत.

टाकायचं कसं?

उरलेला रंग बेसिनमध्ये ओतू नका. पाण्याचा रंग जुन्या वर्तमानपत्रावर पसरून वाळवा आणि मग टाका. इनॅमलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोंबू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते आणि अशी गुंडाळी आपोआप पेटू शकते. त्या बाहेर पसरून पूर्ण वाळू द्या. थिनर कधीही नाल्यात नको. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या होती, आणि त्या एकाच वाक्यात रंगाचे टाकलेले डबे आणि मुदत संपलेली औषधं एकत्र बसलेली होती. मला ते वाक्य फार पटतं. दोन्ही वेगळ्या पिशवीत, खूण करून, घंटागाडीवाल्याला सांगून द्या. औषधाच्या पट्टीसारखीच रंगाची बाटलीही काम संपलं म्हणून निरुपद्रवी होत नाही.

थोडक्यात

• झाकणापूर्वी बाटलीचं तोंड पुसा. उघडल्याची तारीख लिहा.
• अ‍ॅक्रिलिक गोठवू नका; इनॅमल आणि लॅकर उष्णतेपासून आणि ज्योतीपासून लांब ठेवा.
• कुजका वास किंवा बुरशी दिसली की रंग टाका.
• ब्रश तोंडात घालू नका.
• थिनर पिण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत कधीही भरू नका.
• कुणी थिनर प्यालं तर उलटी करवू नका. बाटलीसह रुग्णालय गाठा.
• रंग, ग्लू आणि डोळ्यांचे ड्रॉप्स एका कप्प्यात ठेवू नका.

या रविवारी अर्धा तास काढा. घरातले रंग, थिनर, ग्लू आणि जुनी औषधं एकदम टेबलावर मांडा. जे वापरात आहे ते कुलपात, जे संपलंय ते खूण करून घराबाहेर. मुलांनाही बरोबर घ्या, त्यांना बाटल्या हलवायला आवडतात. काही शंका असेल तर विचारा, आणि मॉडेल रंगवून झालं की दवाखान्यात दाखवायला जरूर आणा. कपाटात अजून एक कप्पा रिकामा आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. विषबाधेची शंका आली तर लेख वाचत बसू नका, थेट रुग्णालयात जा.)